केसपेपरवर ‘बाथरूममध्ये पडल्या’ असं लिहिलंय

पत्र (थोडं आवरून):

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही मानेवाड्याला राहतो. अठरा दिवसांपूर्वी वर्ध्याहून साखरपुडा आटोपून रात्री परत येत होतो. गाडी दिरांची, चालवतही तेच होते. पुढे त्यांच्या बाजूला सासरे. मागे मी, सासूबाई, आणि माझ्या मांडीवर चार वर्षांचा मुलगा. बुटीबोरीच्या अलीकडे एक ट्रक रस्त्यातच उभा होता, मागे लाईट नाही, काही नाही. भाऊजींनी ब्रेक मारला, तरी गाडी त्याच्या मागच्या कोपऱ्यावर गेलीच. पुढच्या दोघांना बेल्ट होता, एअरबॅगही उघडल्या. मागे आमच्यापैकी कोणालाच बेल्ट नव्हता. मुलाचं कॉलरबोन मोडलं. सासूबाईंचं (वय ६९) कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, टेंगूळ आलं, एवढंच. मला काहीच लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मान धरली ती अजून सुटली नाही. पोलीस नकोत म्हणून भाऊजींनी दवाखान्यात सांगितलं, आई बाथरूममध्ये घसरल्या आणि मुलगा पलंगावरून पडला. ट्रकवाल्यानं पाच हजार दिले, विषय मिटला. आता पाच-सहा दिवसांपासून सासूबाई दिवसभर झोपून राहतात, एकच गोष्ट तीनदा विचारतात, डावा पाय ओढत चालतात. त्यांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. घरचे म्हणतात, धक्का बसलाय, वय झालंय. मी खर्चाचं बोलले तर नणंद म्हणाली, “होऊन गेलं ते होऊन गेलं, काऊन उकरून काढून राहिली?” विम्याचे पैसे मागायचे म्हणजे घरच्याच माणसावर केस करायची का? की गप्प बसू?
– एक सून, नागपूर

ताई,

तुमचं पत्र मी संध्याकाळी उघडलं आणि सदराच्या दिवसाची वाट न पाहता तेव्हाच दोन ओळी पाठवल्या: ‘सासूबाईंना आत्ता, आज रात्रीच, डोक्याच्या सीटी स्कॅनसाठी न्या. गाडीचा अपघात झाला होता आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे दारातच सांगा.’ दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला. मेंदूच्या उजव्या बाजूला, कवटीच्या आत रक्त साकळलं होतं. न्यूरोसर्जननी छिद्र पाडून ते काढलं आणि सासूबाईंनी शुद्धीवर येताच नातवाचं विचारलं. तुम्ही परवानगी दिलीत म्हणून हे इथे लिहितो आहे. असं टेंगूळ आलेल्या आणखी कितीतरी आज्या या शहरात आत्ता दुपारच्या झोपल्या असतील.

म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो. तो आणि त्याच्यावरचं आवरण यांच्यात जागा होते आणि तिथून जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. कपाळ आपटलं की त्यातली एखादी तुटते आणि रक्त थेंबथेंब झिरपत राहतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते लवकर थांबत नाही. पहिल्या दिवशी माणूस चहा पितो, गप्पा मारतो. दोन-तीन आठवड्यांनी झोप वाढते, विसराळूपणा येतो, चाल बिघडते, डोकं दुखतं. घरचे म्हणतात वय झालं. मी २७ वर्षं कॅज्युअल्टीत काढली. ‘वय झालं’ हे निदान तिथे नातेवाइकांइतकंच डॉक्टरांच्या तोंडीही ऐकलं आहे. डावा पाय ओढायला लागणं म्हणजे उजव्या मेंदूवर दाब, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, तरी ‘डावा’ हा शब्द पत्रात लिहायला तुम्ही विसरला नाहीत. (गोळीबद्दल एक: घाबरून ती आपल्या मनानं बंद करू नका. कधी थांबवायची, कधी सुरू करायची, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील.)

आता खरा विषय. तुम्ही विचारलं आहे विम्याचं, पण मला आधी केसपेपरबद्दल बोलायचं आहे.

पहिल्या दिवशी त्या डॉक्टरांसमोर आलेली बाई ‘बाथरूममध्ये घसरलेली’ होती. उभ्या उंचीवरून पडणं आणि धावत्या गाडीतून पुढच्या सीटवर आदळणं, यात फरक किती? ताशी ५० किलोमीटरच्या वेगात माणसाच्या अंगात जेवढा जोर असतो, तेवढाच १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीतून पडताना येतो. तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या ६९ वर्षांच्या बाईला कोणी टेंगळावर बर्फ लावून घरी पाठवेल का? भाऊजींनी पोलिसांना टाळण्यासाठी थाप मारली आणि ती पोहोचली डॉक्टरांच्या कानात. अपघात त्यांच्या हातून झाला, तो कोणाच्याही हातून होऊ शकतो. सासूबाईंना जिवावरचं दुखणं आणलं ते त्या एका वाक्यानं. हे मी त्यांना दोष द्यायला लिहीत नाही. रात्री दीड वाजता, अंगावर काचेचे तुकडे, मांडीवर रडणारं पोर, अशा अवस्थेतला माणूस जे तोंडात येईल ते बोलतो. मी असे शेकडो पाहिले आहेत. जिना, बाथरूम, पलंग, गाईनं मारलं. गाय तर आमच्याकडे फार लोकप्रिय होती.

पण थाप तशीच ठेवू नका. आता सासूबाई जिथे दाखल आहेत, तिथल्या डॉक्टरांना खरा प्रकार, तारीख आणि ठिकाणासकट, केसपेपरवर लिहायला सांगा. रस्ता अपघाताचा रुग्ण म्हटला की दवाखाना एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) नोंदवून पोलिसांना कळवतो. ती उशिरा झाली तरी चालते, मात्र उशीर का झाला ते लिहून घ्या. मुलाच्या कॉलरबोनच्या कागदावरही हेच करा. जुना कागद फाडू नका, खाडाखोड करू नका. नव्या कागदावर खरं लिहिलेलं असलं की पुरे. मेडिक्लेमच्या फॉर्ममध्ये एक आणि डिस्चार्ज कार्डावर दुसरं, असं असलं की विमा कंपनीच्या माणसाला बोट ठेवायला आयतीच जागा मिळते.

हे सगळं तुम्ही एक रुपयाही मागणार नसलात तरी करायचं आहे. दावा करायचा की नाही हा तुमच्या घराचा निर्णय आहे. डॉक्टरला खरं सांगायचं की नाही, हा नाही.

आता दाव्याकडे येऊ. गाडीत बसलेल्या माणसाची आपल्याकडे एक विचित्र अवस्था होते. चालवणारा म्हणजे अपघात झालेला माणूस, समोरचा ट्रकवाला म्हणजे दुसरा पक्ष, आणि मागच्या सीटवरचे जणू डिकीतलं सामान. बोलणी झाली ती भाऊजी आणि ट्रकवाल्यात. पाच हजार दिले-घेतले तेही त्यांनीच. पण हाड मोडलं तुमच्या मुलाचं, रक्त साकळलं सासूबाईंच्या डोक्यात. त्यांच्या दुखापतीचा सौदा रस्त्यावर उभं राहून दुसरं कोणी मिटवू शकत नाही. कायद्याच्या नजरेत प्रवाशाचा हक्क त्याचा स्वतःचा आहे.

आणि तो चांगला भक्कम आहे. चूक कोणाची, अंधारात विनालाईट ट्रक उभा करणाऱ्याची की वेळेत न थांबू शकलेल्या चालकाची, हे प्रवाशानं ठरवत बसायचं नसतं. दोघांची मिळून चूक असेल तर जखमी प्रवासी दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली हे स्पष्ट केलं आहे. कोणाचा वाटा किती, हे त्या दोन विमा कंपन्यांनी आपसात बघावं. म्हणून तुमच्या फोनमध्ये ट्रकच्या नंबरचा फोटो आहे का, तो आधी शोधा. असेल तर आजच दुसऱ्या कोणाला पाठवून ठेवा. मोबाइल पाण्याच्या टाकीत पडायला वेळ लागत नाही.

घरच्या माणसावर केस करायची का? कागदावर गाडीमालक म्हणून भाऊजींचं नाव येईल, ते टळणार नाही. पैसे मात्र, पॉलिसी नीट असेल तर, कंपनी देते. पॉलिसी काढून बघा. ज्याला आपण फर्स्ट पार्टी म्हणतो ती पॅकेज पॉलिसी असेल, तर खासगी गाडीत बसलेले लोक त्यात येतात. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे कायद्यापुरती पॉलिसी असेल, तर तुमच्या गाडीच्या कंपनीकडून प्रवाशांना सहसा काही मिळत नाही. मग ट्रकच्या विम्याकडेच जावं लागतं. हप्त्यात चार पैसे वाचवताना या फरकाची आठवण कोणी करून देत नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो त्याचा एकट्याचा. मागे बसलेल्यांसाठी वेगळी रक्कम भरून जोड घ्यावी लागते.

फौजदारी बाजूही लपवत नाही. तक्रार झाली की पोलीस तपास करतील, आणि निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा भाऊजींवरही दाखल होऊ शकतो. ट्रक बिनलाईट रस्त्यात उभा होता हे पंचनाम्यात आणि तुमच्या जबाबात आलं, तर चित्र बदलतं. पण ‘काहीच होणार नाही’ असं मी सांगणार नाही. ठाण्यात जायच्या आधी अपघाताच्या दाव्यांचं काम करणाऱ्या एखाद्या वकिलाला अर्धा तास भेटा, भाऊजींना सोबत घेऊन. जबाबात चालक बदलू नका, ‘चालवत सासरे होते’ वगैरे. एकदा बाथरूम झालं आहे, तेवढं पुरे.

तक्रार जिथे अपघात झाला त्या हद्दीतल्या ठाण्यात. दुसऱ्या ठाण्यातही ती घेऊन तिकडे वर्ग करता येते. नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. त्यासाठी वर्ध्याला खेपा घालायची गरज नाही. अर्जदार जिथे राहतो तिथेही तो चालतो, म्हणजे तुमच्यासाठी आपलं सिव्हिल लाइन्सचं जिल्हा न्यायालय. मुदत अपघाताच्या दिवसापासून ६ महिन्यांची. ऐकायला भरपूर वाटते, पण दिवाळी, लग्नसराई आणि ‘आईंना बरं वाटू द्या मग बघू’ यांत सहा महिने कसे जातात ते मी पाहिलं आहे. बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, स्कॅनच्या सीडी, दवाखान्यात जायच्या ऑटोच्या भाड्याची नोंद, सासूबाईंच्या देखभालीला लावलेल्या बाईचा पगार, सगळं एका पिशवीत ठेवत जा. तुमच्या मानेमुळे घरकामाला जी बाई लावली, तिचाही. गृहिणीच्या कामाला पैशात किंमत आहे आणि ती भरपाईत धरायची, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलं आहे. घरात अजून कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

एक गोष्ट तुमच्या हातून निसटली, ती इतरांसाठी लिहून ठेवतो. २०२५ च्या मे महिन्यापासून रस्ता अपघातातल्या जखमीला, तो कोणत्याही गाडीत असो, नेमलेल्या दवाखान्यात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. त्याला पोलिसांकडे अपघाताची नोंद लागते. बाथरूममध्ये पडलेल्यांसाठी ती योजना नाही.

आणि सासूबाई? तुमच्या दुसऱ्या निरोपात आहे की त्या म्हणाल्या, “माह्या पोराले ठाण्यात नेऊ नका बाप्पा.” त्या शुद्धीवर आहेत, समजत्या आहेत. त्यांच्या दुखापतीचा दावा करायचा की नाही, हे त्यांनीच ठरवायचं. आपण त्यांना पूर्ण माहिती द्यायची. विमा कंपनी पैसे देणार आहे, पोरगा नाही, हे कोणी नीट समजावून सांगितलंय का त्यांना? ते सांगूनही त्या नाही म्हणाल्या, तर नाही. मुलाच्या बाबतीत मात्र तुम्ही आणि तुमचे यजमान पालक आहात, तिथे आजीच्या ‘नको’ला मतापेक्षा जास्त वजन देऊ नका.

तुमच्या मानेबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. सगळ्या सुना तेवढीच लिहितात. गाडी अचानक थांबते तेव्हा धड अडतं आणि डोकं पुढे जाऊन झटक्यानं मागे येतं. मानेचे स्नायू आणि अस्थिबंध ताणले जातात, आणि दुखणं बहुधा दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही नंतर सुरू होतं. एक्स-रे चांगला येतो, म्हणून घरात ‘काही नाही झालं’ असा निकाल लागतो. एक्स-रेत हाड दिसतं, ताणलेला स्नायू दिसत नाही. महिनाभर पट्टा बांधून मान जखडून ठेवू नका, त्यानं ती आणखी आखडते. दुखेल तिथे थांबून हळूहळू सगळ्या बाजूंना हलवत राहा. हाताला मुंग्या येणं, हातापायातली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. नाहीतरी एकदा दाखवाच. ते कागदही त्या पिशवीत जातील.

सासऱ्यांच्या पाठीचं तुम्ही निरोपात ओझरतं लिहिलं आहे: त्यांना बेल्ट होता, एअरबॅग उघडली, तरी पाठ का दुखते? कारण त्यांच्यामागे सासूबाई होत्या. बेल्ट नसलेला मागचा माणूस पुढच्या सीटची पाठ घेऊन पुढच्याच्या अंगावर जातो. २००२ सालच्या एका जपानी अभ्यासात असं दिसलं, की मागच्यांनी बेल्ट लावला नसेल तर बेल्ट लावलेल्या पुढच्या माणसांचाही मृत्यूचा धोका जवळपास पाच पट होतो. ‘मागे कशाला बेल्ट’ म्हणणाऱ्या सासऱ्यांना हे वाचून दाखवा, फक्त त्यांची पाठ थोडी उतरल्यावर.

बाहेरून न दिसणाऱ्या जखमांचं उदाहरण महाराष्ट्राला वेगळं द्यायला नको. ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे गाडीत मागे बसले होते. बाजूनं दुसरी गाडी आदळली. अंगावर नजरेत भरावी अशी मोठी जखम नव्हती. यकृत फाटून आत रक्तस्राव झाला होता. पोटावर आडवा काळानिळा वळ, नंतर सुरू झालेली पोटदुखी, उलटी, खांद्याच्या टोकाशी कळ, गुडघा पुढच्या सीटवर आपटल्यावर दुखणारा कंबरेचा खुबा, श्वास घेताना टोचणारी बरगडी: यांतलं काहीही असेल तर ‘चालता येतंय ना’ हा पुरावा धरू नये. भाऊजींच्याही पोटावर बेल्टचा वळ असेल तर तो एकदा दाखवून घ्या. त्यांना कोणी विचारलं नसेलच.

आता ज्या गोष्टीनं तुम्हाला झोप येत नाही असं पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं होतं आणि मी वर छापलं नाही, ती: मूल मांडीवर घेतलं होतं, घट्ट धरलं होतं, तरी सुटलं. ते सुटणारच होतं. १५ किलोचं मूल, ५० चा वेग आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबलेली गाडी, हा हिशेब केला तर हातांना धरावे लागतात २०० किलोंहून जास्त. जिनिंगमध्ये बांधलेली कापसाची गाठ १७० किलोची असते. ती दोन पैलवान उचलत नाहीत, तुम्ही कुठून धरणार होतात? हा प्रेमाचा किंवा हाताच्या पकडीचा प्रश्न नव्हताच. त्याला त्याची वेगळी सीट हवी होती, गाडीच्या सांगाड्याला अडकवलेली. कायदाही (मोटार वाहन कायदा, कलम १९४ ब) १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट न लावता नेलं तर १,००० रुपये दंड सांगतो. आपल्याकडे तो कोणी फारसा मागत नाही, हे खरं. चार वर्षांच्या मुलासाठी स्वतःचा पट्टा असलेली सीट घ्या. नंतर उंची वाढेपर्यंत बूस्टर, म्हणजे मोठ्यांचा बेल्ट गळ्यावर न येता खांद्यावरून जाईल.

सासूबाईंसाठी: साडीवरूनही बेल्ट नीट बसतो. आडवा पट्टा पोटावर नाही, खाली, कंबरेच्या हाडावर. तिरका पट्टा खांद्यावरून, काखेखालून नाही. टोचतो म्हणून काखेखालून घेतला तर तोच बरगड्या मोडतो. डोक्यामागची उशी कानाच्या उंचीला आणा. आणि मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेला स्टीलचा डबा, नारळ, पाण्याची कॅन काढून डिकीत टाका. माणसं बांधली आणि डबा मोकळा राहिला, तर डबा पुढे येतो.

तुम्ही लिहिलंत, मागे बेल्ट ‘नव्हताच’. गाडी कोणत्या सालची ते माहीत नाही, पण माझी पैज आहे: तो होता. रेक्झिनचं कव्हर चढवताना बकल सीटच्या फटीत दाबून टाकलं जातं. नागपुरातल्या निम्म्या गाड्यांत मी हात घालून बकलं बाहेर काढली आहेत. गाडी दुरुस्त होऊन आली की भाऊजींनाच सांगा, कव्हर उचकटून तिन्ही बकलं बाहेर काढायला. त्यांना काहीतरी करायचं आहे ताई. आईला भेटायला येत नाहीत म्हणता, पण दवाखान्याच्या पार्किंगमध्ये दोनदा दिसले असंही तुम्हीच लिहिलं आहे. त्यांना वर बोलवा. डॉक्टरांना खरी हकीकत ते स्वतः सांगोत, तुम्ही बाजूला उभ्या राहा.

राहिला मुलगा. गाडी दिसली की रडतो, ओढणी धरून बसतो. त्याला ‘काही होत नाही’ म्हणू नका, त्याला झालं आहे. गाडी दारात उभी असताना, बंदच, त्याच्या नव्या सीटमध्ये त्याचा आवडता टेडी बसवा आणि बेल्ट त्याला स्वतः लावू द्या. कट्ट असा आवाज होतो, मुलांना तो आवडतो. चार-पाच दिवस एवढंच. किल्ली नंतर.